विश्लेषण : धुरापासून इंधन… जॉर्ज ओलाह यांचे रसायन जमले, मग हिशेब कुठे अडतो?

17 ऑक्टोबर 2025 रोजी लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या बैठकीत एक मतदान झाले. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या जहाजांकडून पैसे वसूल करण्याच्या आराखड्यावर त्या दिवशी निर्णय अपेक्षित होता. अमेरिकेचा आराखड्याला उघड विरोध होता. सौदी अरेबियाने चर्चा वर्षभर पुढे ढकलण्याचा ठराव मांडला आणि तो 57 विरुद्ध 49 मतांनी मंजूर झाला. बातमी जहाजांची होती. पण तिचा फटका बसला तो एका इंधनाला. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून बनवलेले मिथेनॉल हे ते इंधन. ते बाजारात उतरवण्याची स्वप्ने पाहणाऱ्या कंपन्या याच आराखड्याकडे डोळे लावून बसल्या होत्या.

या इंधनाची कल्पना ज्यांच्या नावाशी जोडली गेली आहे, ते रसायनशास्त्रज्ञ म्हणजे जॉर्ज ओलाह. 8 मार्च 2017 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी सुचवलेली अभिक्रिया चालते, हे आज कारखान्यांतून सिद्ध झाले आहे. प्रश्न वेगळाच आहे आणि तो भारतालाही लागू होतो : धुराचे इंधन करताना खर्च नेमका कशावर होतो?

बाल्कनीतली प्रयोगशाळा ते नोबेल

ओलाह यांचा जन्म 1927 मध्ये बुडापेस्टचा. तरुण वयात महायुद्ध आणि शहराचा वेढा त्यांनी अनुभवला. बुडापेस्टच्या तांत्रिक विद्यापीठात गेझा झेम्प्लेन या दबदबा असलेल्या प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. फ्लोरिनच्या सेंद्रिय संयुगांवर काम करायची त्यांची इच्छा गुरूंना फारशी रुचली नाही. अखेर इमारतीच्या वरच्या मजल्यावर मागच्या बाजूची एक उघडी बाल्कनी त्यांच्या वाट्याला आली. ती बंदिस्त करून त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली.

1956 चा हंगेरीतील उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला. त्यानंतर ओलाह, पत्नी ज्युडिथ आणि लहान मुलगा देश सोडून लंडनमार्गे कॅनडाला पोहोचले. 1957 मध्ये ओंटारियोतील सार्निया या तेलशुद्धीकरण आणि पेट्रोरसायनांच्या गावात डाऊ केमिकल कंपनीत त्यांना नोकरी मिळाली. पुढच्या सगळ्या गोष्टीची बीजे या गावात आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

कच्च्या तेलातले लांबट रेणू मोडून किंवा त्यांची रचना बदलून चांगल्या प्रतीचे पेट्रोल मिळवण्याच्या अनेक प्रक्रियांत आम्ल उत्प्रेरक वापरले जातात. ते काम करत असताना मधल्या टप्प्यावर धनभारित कार्बन असलेला एक रेणू तयार होत असावा, असे रसायनशास्त्रज्ञ फार पूर्वीपासून मानत होते. त्याला कार्बोकॅटायन म्हणतात. अडचण अशी की, तो निमिषभरही टिकत नसे. तयार होताच शेजारी जे मिळेल त्याच्याशी त्याची अभिक्रिया होई. त्यामुळे त्याला कोणी धड पाहिलेले नव्हते. ओलाह यांनी उलट बाजूने विचार केला. या रेणूला खायला काहीच मिळणार नाही, असे माध्यम दिले तर? अँटिमनी पेंटाफ्लोराइडसारख्या अतितीव्र आम्लधर्मी संयुगांत त्यांनी कार्बोकॅटायन टिकवून दाखवले आणि चुंबकीय अनुनादाच्या यंत्रात त्यांची रचना नोंदवली. सल्फ्युरिक आम्लापेक्षा अब्जावधी पटींनी तीव्र असलेल्या या आम्लांना सुपरअ‍ॅसिड असे नाव पडले.

1965 नंतर ओलाह क्लीव्हलंडच्या विद्यापीठात होते. तिथल्या एका नाताळच्या मेजवानीनंतर त्यांच्या सहकाऱ्याने उरलेल्या मेणबत्तीचा तुकडा अशा आम्लात टाकला. मेण विरघळले आणि यंत्रावर कार्बोकॅटायनची स्वच्छ नोंद उमटली. मेण म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने सर्वात आळशी पदार्थांपैकी एक. तेव्हापासून त्या मिश्रणाला ‘मॅजिक अ‍ॅसिड’ म्हटले जाऊ लागले. कार्बोकॅटायनवरील या कामासाठी 1994 चे रसायनशास्त्राचे नोबेल ओलाह यांना मिळाले, तेही कोणाशी वाटून न घेता.

तेल उद्योग ज्या रसायनावर चालतो, त्याचा सिद्धांत पक्का करणारा हा माणूस. आणि याच माणसाने पुढे तेलानंतरच्या जगाविषयी पुस्तक लिहिले.

मिथेनॉलच का?

1977 मध्ये ओलाह लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात आले. बंगळूरुमध्ये जन्मलेले आणि आयआयटी मद्रासमधून पदव्युत्तर शिक्षण घेतलेले जी. के. सूर्य प्रकाश तिथे त्यांचे विद्यार्थी होते, पुढे ते त्यांचे दीर्घकाळचे सहकारी झाले. 1990 च्या दशकात या गटाने अमेरिकी अंतराळ संस्थेच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेबरोबर थेट मिथेनॉलवर चालणारा इंधनघट विकसित केला. 2006 मध्ये ओलाह, अ‍ॅलन गोपर्ट आणि सूर्य प्रकाश यांचे ‘बियाँड ऑइल अँड गॅस : द मिथेनॉल इकॉनॉमी’ हे पुस्तक आले.

त्या काळात ‘हायड्रोजन अर्थव्यवस्था’ हा परवलीचा शब्द होता. ओलाह यांचा त्यावरचा आक्षेप अगदी व्यावहारिक होता. हायड्रोजन हा सर्वात हलका वायू. तो साठवायचा तर प्रचंड दाब हवा किंवा उणे 253 अंश तापमान हवे. त्याऐवजी तोच हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडला जोडला, तर मिथेनॉल मिळते. ते साध्या तापमानाला द्रव असते, टाकीत भरता येते, टँकरमधून नेता येते, थोड्या फेरफारांनंतर इंजिनात जाळता येते आणि प्लॅस्टिकपासून रंगांपर्यंत अनेक वस्तूंचा कच्चा मालही होते. जाळल्यावर पुन्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पण तो हवेतूनच घेतलेला असेल तर चक्र पूर्ण होते. झाडे जे सूर्यप्रकाशावर करतात, ते माणसाने कारखान्यात करायचे.

महाराष्ट्रात मिथेनॉलची ओळख दुर्दैवाने विषारी दारूतून झालेली आहे. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक जणांचा जीव गेला, तो मिथेनॉलमुळेच. इंधन म्हणून ते घरोघरी नेण्याच्या कल्पनांना ही मर्यादा कायम राहणार आहे. मोठी जहाजे आणि कारखाने यांचे तसे नाही.

उत्प्रेरक काय करतो आणि काय करू शकत नाही

मिथेनॉल कारखान्यात बनवणे नवे नाही. जर्मनीत बीएएसएफ कंपनीने 1923 मध्ये जस्त आणि क्रोमियमच्या ऑक्साइडचा उत्प्रेरक वापरून ते मोठ्या प्रमाणावर सुरू केले, त्यासाठी प्रचंड दाब लागे. 1960 च्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने तांबे, झिंक ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिना यांचा उत्प्रेरक आणला. तेच काम सुमारे 250 अंश तापमान आणि 50 ते 100 पट वातावरणीय दाबावर होऊ लागले. आजही जगभर याच कुळातले उत्प्रेरक वापरात आहेत. फक्त कच्चा माल नैसर्गिक वायू किंवा कोळसा असतो.

कच्चा माल शुद्ध कार्बन डायऑक्साइड असेल तर दोन अडचणी येतात. प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू तयार होतो आणि ते पाणी तांब्याच्या सूक्ष्म कणांची धार बोथट करते. शिवाय एका फेरीत वायूचा थोडाच भाग मिथेनॉल होतो. उरलेला पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. दोन्हींवर अभियांत्रिकीने बरीच मात केली आहे. 2016 मध्ये ओलाह आणि प्रकाश यांच्या गटाने आणखी पुढचे पाऊल टाकले. साध्या हवेतला कार्बन डायऑक्साइड अमाइनच्या द्रावणात पकडून, त्याच भांड्यात रुथेनियमच्या उत्प्रेरकाच्या मदतीने त्याचे मिथेनॉल केले. पकडलेल्या वायूपैकी 79 टक्के वायूचे मिथेनॉल झाले. प्रयोगशाळेतले हे यश मोठे होते, कारण हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जेमतेम 0.04 टक्के आहे.

मात्र उत्प्रेरकाची एक मर्यादा आहे आणि बातम्यांमध्ये ती हमखास गाळली जाते. कोकणातून घाटावर माल न्यायचा असेल तर बोगदा खणल्याने शिखर चढून उतरण्याचे कष्ट वाचतात. पण देश कोकणापेक्षा उंच आहे तो आहेच. तेवढा चढ चुकत नाही. उत्प्रेरक हा बोगदा आहे. कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून गेलेला कार्बन, ऊर्जेच्या दृष्टीने तळाशी बसलेला. त्याला पुन्हा इंधन करायचे तर तेवढी ऊर्जा कोणीतरी घालावीच लागते. मिथेनॉलच्या कारखान्यात ती हायड्रोजनच्या रूपाने येते. म्हणजे खरा चढ पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवतानाच चढावा लागतो. तो मिळाला की पुढची अभिक्रिया उताराचीच आहे, तिच्यातून थोडी उष्णताही बाहेर पडते.

एक टन मिथेनॉलचा हिशेब

एक टन मिथेनॉलसाठी सुमारे 1.4 टन कार्बन डायऑक्साइड आणि 188 किलो हायड्रोजन लागतो. एक किलो हायड्रोजन विजेवर बनवायला सध्याच्या यंत्रांना 50 ते 55 युनिट वीज लागते. म्हणजे टनामागे साधारण दहा हजार युनिट. तयार झालेल्या एक टन मिथेनॉलमध्ये ऊर्जा असते साडेपाच हजार युनिटइतकी. वीज चार रुपये युनिट धरली, तर नुसते विजेचे बिलच 40 हजार रुपये. नैसर्गिक वायूपासूनचे मिथेनॉल बाजारात अनेकदा त्यापेक्षा कमी किमतीत मिळते, आणि या हिशेबात यंत्रे, व्याज, पगार काहीच धरलेले नाही.

पैशांपेक्षा दुसरा आकडा जास्त बोलका आहे. भारताच्या विद्युतजाळ्यातली एक युनिट वीज तयार होताना सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ती वीज वापरून वरचे एक टन मिथेनॉल केले, तर सात टन वायू हवेत सोडून 1.4 टन वायू ‘वापरला’ असे होईल. वीज फक्त सूर्य, वारा, पाणी किंवा भूगर्भातल्या उष्णतेची असेल, तरच या साऱ्या उद्योगाला अर्थ आहे. ‘कार्बन डायऑक्साइडपासून इंधन’ हे वर्णन त्यामुळे थोडे फसवे आहे. हे विजेपासून इंधन आहे. कार्बन डायऑक्साइड हे तिचे पोते.

ओलाह यांना हे ठाऊक होते. पुस्तकात त्यांनी पर्यायी आणि अणुऊर्जेची अट घातलेलीच आहे. घोषणा करणाऱ्यांना ती अट आठवत नाही, एवढेच.

कारखाने कुठे उभे राहिले, कुठे बंद पडले

कोणत्या ठिकाणी हे जमले ते पाहिले की वरचा हिशेब पुन्हा दिसतो. आइसलँडमधील स्वार्त्सेंगी येथे कार्बन रीसायकलिंग इंटरनॅशनल या कंपनीने पहिला व्यापारी कारखाना उभारला, त्याला ओलाह यांचेच नाव दिले. 2012 मध्ये तो सुरू झाला, पुढे त्याची क्षमता वर्षाला 4 हजार टनांपर्यंत गेली. शेजारीच भूगर्भीय वाफेवरचे वीजकेंद्र, त्यामुळे वीज स्वस्त आणि स्वच्छ. वाफेबरोबर येणारा कार्बन डायऑक्साइडही तिथलाच.

याच कंपनीचे तंत्रज्ञान वापरणारा चीनच्या हनान प्रांतातील आनयांग येथील कारखाना 2022 मध्ये सुरू झाला, क्षमता वर्षाला 1 लाख 10 हजार टन. आइसलँडच्या कितीतरी पट. पण इथे पाण्याचे विघटन नाहीच. हायड्रोजन येतो तो कोक भट्ट्यांमधून निघणाऱ्या वायूतून आणि कार्बन डायऑक्साइड चुन्याच्या भट्ट्यांतून. वाया जाणाऱ्या वायूचा हा चांगला उपयोग आहे, तरीही त्याला ओलाह यांच्या चक्राची पूर्तता म्हणता येणार नाही.

डेन्मार्कमधील कासो येथे मे 2025 मध्ये 42 हजार टनांचा कारखाना सुरू झाला. सौर प्रकल्पाची वीज, बायोगॅसमधून मिळालेला कार्बन डायऑक्साइड आणि ग्राहकांत मर्स्क ही जहाज कंपनी. मर्स्कच्या ‘लॉरा मर्स्क’ या पहिल्या मिथेनॉलवर चालू शकणाऱ्या कंटेनर जहाजाचे नामकरण सप्टेंबर 2023 मध्ये झाले होते. दुसरीकडे स्वीडनमध्ये ऑर्स्टेड कंपनीने वर्षाला 50 हजार टनांचा प्रकल्प बांधकाम सुरू असतानाच ऑगस्ट 2024 मध्ये सोडून दिला. चढ्या दराने दीर्घ मुदतीची खरेदी करायला ग्राहक तयार नाहीत, हे कारण होते. उत्प्रेरकाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

विंध्याचलचे दहा टन

भारत आपल्या गरजेचे बहुतांश मिथेनॉल आयात करतो. त्यामुळे नीती आयोगाने काही वर्षांपूर्वी ‘मिथेनॉल अर्थव्यवस्था’ हा शब्दच उचलला. कार्बन पकडणे आणि वापरणे यावरील संशोधनासाठी आयआयटी मुंबई आणि बंगळूरुचे जवाहरलाल नेहरू केंद्र येथे राष्ट्रीय केंद्रे झाली. मिथेनॉलपासून बनणारा डायमिथाइल इथर एलपीजीत मिसळून जाळण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केले, त्यासाठी खास शेगडीही बनवली.

सर्वाधिक गाजावाजा झाला तो मध्य प्रदेशातील एनटीपीसीच्या विंध्याचल वीजकेंद्राचा. तिथे कोळशाच्या धुरातून रोज 20 टन कार्बन डायऑक्साइड पकडण्याची आणि 10 टन मिथेनॉल बनवण्याची व्यवस्था उभी केली आहे. शिकण्यासाठी असा प्रकल्प हवाच. धुरातल्या गंधकाने उत्प्रेरक किती लवकर निकामी होतो, हे प्रत्यक्ष चालवल्याशिवाय कळत नाही. पण प्रमाण ध्यानात ठेवले पाहिजे. विंध्याचल हे 4,760 मेगावॉटचे, देशातले सर्वात मोठे औष्णिक केंद्र. ते तीन-चतुर्थांश क्षमतेने चालले, तरी ढोबळ हिशेबाने रोज 75 ते 80 हजार टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दहा टन मिथेनॉलमध्ये त्यातला 14 टन जातो. आणि सौर वीज हाताशी असेल तर ती आधी ग्राहकांना देऊन तेवढा कोळसा न जाळणे, हा त्या विजेचा कितीतरी चांगला वापर ठरतो.

निर्यातीचा मार्गही इथे अरुंद आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार अशा इंधनासाठी वीजकेंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड ‘टाळलेले उत्सर्जन’ म्हणून 2035 अखेरपर्यंतच मोजला जाईल, इतर उद्योगांचा 2040 अखेरपर्यंत. तोही त्या उत्सर्जनावर प्रभावी कार्बन शुल्क लागू असेल तरच. कारण उघड आहे. कोळशातला कार्बन एकदा बाटलीत भरून जहाजात जाळला, तरी शेवटी तो आकाशातच जातो.

साखर कारखान्यांकडे असलेला वायू

वनस्पतींतून आलेल्या कार्बन डायऑक्साइडला मात्र अशी मुदत नाही. महाराष्ट्राकडे तो आहे. उसाच्या रसाचे किंवा मळीचे किण्वन होऊन इथेनॉल बनते, तेव्हा जवळपास इथेनॉलच्याच वजनाइतका आणि बराच शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. धुरातून पकडण्याचा खर्च इथे जवळजवळ नाहीच. काही कारखाने तो शीतपेये आणि कोरड्या बर्फासाठी विकतात, उरलेला सोडून दिला जातो.

रोज एक लाख लिटर इथेनॉल बनवणारी आसवनी घेतली तर सुमारे 75 टन वायू मिळेल. त्यापासून रोज 55 टन मिथेनॉल बनू शकते. लागणारा हायड्रोजन 10 टनांच्या वर, म्हणजे रोज पाच लाखांहून जास्त युनिट वीज, अखंड 22 मेगावॉट. ही वीज सौरऊर्जेतून मिळवायची तर 110 मेगावॉटच्या आसपास क्षमतेचा प्रकल्प आणि त्यासाठी 400 ते 500 एकर जमीन हवी. (विघटनाला लागणारे पाणी रोज लाखभर लिटर, उसाच्या तहानेपुढे ते काहीच नाही.) शिवाय सौर वीज दिवसाच मिळते आणि कारखान्याचा गाळप हंगाम काही महिन्यांचा असतो, कोट्यवधींचे इलेक्ट्रोलायझर उरलेला वेळ रिकामे ठेवणे परवडत नाही. कार्बनचा प्रश्न इथे सुटलेला आहे, विजेचा सुटलेला नाही.

त्यातही स्वच्छ हायड्रोजन हाती आला, तर तो आधी कुठे द्यायचा, हा प्रश्न उरतो. आज खत कारखाने नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवतात, त्यात प्रत्येक किलोमागे 9 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. एक टन मिथेनॉलला लागणारे 188 किलो तिथे दिले, तर सुमारे 1.7 टन उत्सर्जन टळते. तेच मिथेनॉल करून जहाजात खनिज तेलाऐवजी जाळले, तर दीड टनाच्या जवळपास. फरक थोडा आहे, पण पहिल्या मार्गात मिथेनॉलचा नवा कारखाना बांधावा लागत नाही. केंद्राने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी रुपयांचे हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले, त्यात खते आणि तेलशुद्धीकरण यांना अग्रक्रम मिळाला तो या तर्काला धरूनच.

जहाजांना मात्र फारसे पर्याय नाहीत. महासागर ओलांडणारे मोठे जहाज बॅटरीवर चालत नाही, अमोनिया विषारी वायू आहे आणि त्यावर चालणारी इंजिने अजून बाल्यावस्थेत आहेत. म्हणूनच मिथेनॉलवर चालू शकणारी जहाजे मोठ्या संख्येने मागवली गेली. लंडनचा निर्णय लांबल्याने ती बंदरात उभी राहणार नाहीत. त्यांची इंजिने दुहेरी इंधनाची आहेत. मिथेनॉल महाग वाटले किंवा मिळालेच नाही, तर ती नेहमीच्या तेलावर चालतात.